चाललेले विमान उघडायचे कधी?

चांगला चाललेला मिक्सर कोणीतरी ‘एकदा साफ करून ठेवू’ म्हणून उघडला आणि पुन्हा जोडल्यापासून तो खडखड करू लागला, असा अनुभव बहुतेक घरांत असतो. उलट, ‘वेळच्या वेळी तेलपाणी केले असते तर विहिरीवरची मोटार जळली नसती’ हेही आपण ऐकलेले असते. ही दोन शहाणपणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मिक्सरच्या बाबतीत हा वाद मिटला नाही तरी फारसे बिघडत नाही. विमान मात्र बिघडले म्हणून रस्त्याच्या कडेला उभे करता येत नाही. त्यामुळे विमानाच्या देखभालीच्या इतिहासात या वादाचा निकाल लावणे भागच पडले. तो निकाल कसा लागला, ते या लेखात पाहू. त्यात यंत्रशास्त्राइतकेच आकडेशास्त्र आहे, आणि गंमत म्हणजे सुरुवातीचा मोठा वाटा जीवशास्त्रज्ञांचा आहे.

विमानाइतकाच विमानाचा मेकॅनिकही जुना आहे. राइट बंधूंच्या डेटन येथील सायकलच्या दुकानात चार्ली टेलर नावाचा कारागीर होता. १९०३ च्या विमानासाठी सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन त्याने लेथ आणि ड्रिल अशा मोजक्या साधनांवर सहा आठवड्यांत तयार केले. त्या वर्षी नोव्हेंबरात किटी हॉकला चाचणीच्या वेळी पंख्यांचे दांडे तडकले. ऑर्व्हिल राइट नवे, भरीव पोलादाचे दांडे करून आणण्यासाठी आगगाडीने पुन्हा डेटनला गेला आणि मगच १७ डिसेंबरचे ते १२ सेकंदांचे उड्डाण झाले. म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या आधीच पहिली दुरुस्ती झालेली होती.

त्या काळची विमाने सतत बिघडत. इंजिनांच्या झडपा जळत, ठिणगीचे प्लग काजळत, कापडी पंख ओलाव्याने सैल पडत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईला आले, ते जुहूच्या मोकळ्या मैदानावर. विमान होते एका इंजिनाचे पस मॉथ. पावसाळ्यात जुहूला चिखल होई, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. अशा परिस्थितीत जगभर सर्वांनी एकच साधा नियम स्वीकारला होता : ठरावीक तास उडून झाले की विमान उघडा, भाग सुटे करा, पुसा, मोजा, झिजलेले बदला आणि पुन्हा जोडा. यालाच ओव्हरहॉल म्हणतात. वयाबरोबर यंत्र म्हातारे होते आणि म्हातारे होण्याआधी त्याला नवे करावे, हा त्यामागचा विचार. तो इतका स्वाभाविक होता की तपासून पाहावा असे कोणाला वाटलेच नाही.

तो तपासला गेला दुसऱ्या महायुद्धात.

जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये इंग्लंडकडे येणारी धान्याची आणि तेलाची जहाजे बुडवत होत्या. त्यांना शोधण्याचे काम ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे होते. विमाने थोडी, समुद्र अफाट. जितके जास्त तास विमाने समुद्रावर, तितक्या पाणबुड्या पाण्याखाली दबून राहणार. अशा प्रश्नांसाठी कोस्टल कमांडने शास्त्रज्ञांचा एक गट नेमला होता. पुढे १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले पॅट्रिक ब्लॅकेट तेथे काही काळ होते. देखभालीच्या प्रश्नावर काम करणारे दोघे, सेसिल गॉर्डन आणि कॉनराड वॅडिंग्टन, हे मात्र आनुवंशशास्त्राचे अभ्यासक होते. फळमाश्या मोजणारी माणसे विमानांच्या हँगरमध्ये काय करणार, असे तेथल्या इंजिनिअरांना वाटले असल्यास नवल नाही. पण आम्हाला वाटते, मोठ्या संख्येने जन्मणाऱ्या, जगणाऱ्या आणि मरणाऱ्या गोष्टींची नोंद ठेवण्याची सवय हीच त्यांची खरी शिदोरी होती.

गॉर्डनच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती अशी. प्रत्येक तुकडीकडे अमुक टक्के विमाने कायम उड्डाणाला तयार असलीच पाहिजेत, असा दंडक होता. ऐकायला हे उत्तम. पण विमान बिघडते कधी? उडाले म्हणजे. मग तयार विमानांची टक्केवारी वाढवायचा सर्वांत सोपा उपाय कोणता? ती उडवायचीच नाहीत! समजा, दहा विमाने आहेत. रोज एकच उडवले तर नऊ-दहा विमाने कायम ‘तयार’ दिसतील आणि कागदावर तुकडी आदर्श ठरेल. समुद्रावर मात्र काहीच नसेल. मोजायला हवी होती उडालेल्या तासांची बेरीज, आणि मोजले जात होते जमिनीवर उभे असलेले विमान. खरी टंचाई होती दुरुस्ती करणाऱ्या हातांची. तेव्हा ते हात रिकामे राहणार नाहीत इतकी विमाने उडवत राहायची. काही विमाने दुरुस्तीच्या रांगेत थांबली तरी चालतील, असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्ष तुकडीवर प्रयोग करून तो पडताळला गेला आणि उड्डाणाचे तास भरघोस वाढले. (निकालाची टक्केवारी उंच ठेवण्यासाठी कच्ची मुले परीक्षेलाच न बसवणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. दंडक आणि उद्दिष्ट यांची फारकत झाली की काय होते, ते वेगळे सांगायला नको.)

दुसरी गोष्ट याहून धक्कादायक होती. विमानांची दर ५० उड्डाण-तासांनी नियमित तपासणी होई. वॅडिंग्टनच्या गटाने एक आलेख काढला. क्ष-अक्षावर शेवटच्या तपासणीनंतर उडालेले तास, य-अक्षावर अचानक उद्भवलेल्या, वेळापत्रकात नसलेल्या दुरुस्त्यांचे प्रमाण. तपासणी उपयोगी असेल तर आलेख कसा दिसावा? तपासणीनंतर लगेच बिघाड कमीत कमी, मग ते हळूहळू वाढत जाणार, आणि ५० तास भरत आले की पुढच्या तपासणीची वेळ झाल्याचे ते वाढते प्रमाणच सांगणार. वर्गात हा प्रश्न विचारला तर मुलेही बहुधा असाच आलेख काढतील.

प्रत्यक्षात आलेख उलटा निघाला. बिघाडांचे प्रमाण तपासणीनंतर लगेचच सर्वांत जास्त होते आणि तास वाढत गेले तसे ते उतरत गेले. ५० तासांच्या जवळ ते वाढू लागल्याची खूण नव्हती. म्हणजे विमान स्थिरस्थावर होऊन नीट चालू लागले की नेमके त्याच वेळी ते पुन्हा उघडले जात होते. वॅडिंग्टनचा निष्कर्ष असा की तपासणीने बिघाड वाढत होते, आणि याचे कारण एकच संभवते : बऱ्यापैकी सुरळीत चाललेल्या गोष्टीत हात घालून ती विस्कटली जात होती.

यात मेकॅनिकांच्या कामचुकारपणाचा प्रश्न नव्हता. घट्ट बसलेले सील एकदा काढले की पूर्वीसारखे बसत नाही. जोडताना एखादा वायसर राहतो, तेलाच्या नळीत कचरा जातो, वायरीवर ताण येतो. आणि नवा भाग नवा असतो म्हणजे चांगलाच असतो असे नाही. कारखान्यातले दोष पहिल्या काही तासांतच उघड होतात. जुन्या भागाने निदान ४० तास उडून आपली परीक्षा दिलेली असते.

याचा अर्थ तपासण्या बंद करा असा कोणी लावला नाही, हे महत्त्वाचे. ज्या तपासण्यांतून खरोखर काही सापडत होते त्या ठेवल्या, बाकीच्यांतले अंतर वाढवले, कामाची आखणी बदलली. वॅडिंग्टनने ही सारी हकिकत १९४६ च्या सुमारास लिहून ठेवली, पण ती गोपनीय ठरली आणि पुस्तक छापून आले ते १९७३ साली. तोवर तोच धडा अमेरिकेतल्या विमान कंपन्यांनी आपला आपण, पुष्कळ पैसे खर्च करून शिकून घेतला होता.

तिकडची कथा अशी. १९५० च्या दशकात प्रवासी विमाने वाढली, त्यांच्याबरोबर ओव्हरहॉलचा खर्चही. काही जातींची इंजिने फारच दगा देत. सरकारी विमान खात्याचे म्हणणे, ओव्हरहॉल लवकर लवकर करा. कंपन्यांनी ते करून पाहिले. तरीही त्या इंजिनांचे बिघाड काही आटोक्यात येईनात. तेव्हा १९६० मध्ये सरकार आणि कंपन्या यांचा एकत्र अभ्यासगट नेमला गेला. पुढे अनेक वर्षे साठलेल्या नोंदींवरून युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. देखभालीच्या क्षेत्रात आजही त्याचा दाखला दिला जातो.

त्यांनी विमानाच्या निरनिराळ्या भागांचे, वयानुसार बिघाडाची शक्यता दाखवणारे आलेख काढले. जुन्या समजुतीप्रमाणे आलेख टबासारखा असायला हवा : सुरुवातीला थोडे बिघाड, मधे सपाट भाग आणि म्हातारपणी पुन्हा चढ. असे भाग निघाले फक्त ४ टक्के. आणखी २ टक्के भागांत सुरुवातीची अडचण नव्हती, पण म्हातारपण होते. ५ टक्के भागांत बिघाड हळूहळू वाढत होते. बाकीच्या ८९ टक्के भागांना म्हातारपण असे नव्हतेच! त्यातल्या ७ टक्क्यांचा आलेख नवेपणी थोडा चढून सपाट होई, १४ टक्क्यांचा पहिल्यापासून सपाट होता, आणि तब्बल ६८ टक्के भाग नवे असतानाच जास्त बिघडत, एकदा स्थिरावले की पुढे सपाट. अशा भागाचा ओव्हरहॉल करणे म्हणजे त्याला पुन्हा पहिल्या, धोक्याच्या दिवसांत नेऊन बसवणे. वॅडिंग्टनचा आलेख आठवावा.

पण झीज तर खरी आहे, मग यंत्राला म्हातारपण का नसावे? येथे शाळेचेच उदाहरण घेऊ. नव्या शाळेत सगळे शिक्षक एकाच वर्षी, एकाच वयाचे घेतले, तर तीसेक वर्षांनी एकाच वर्षी सगळे निवृत्त होतील आणि शाळा ओस पडेल. जुन्या शाळेत मात्र सर्व वयांचे शिक्षक असतात. दरवर्षी एखाददुसरा जातो, एखाददुसरा येतो. शाळा साठ वर्षांची असो की सत्तर, निवृत्तीचे प्रमाण तेच. गुंतागुंतीचे यंत्र या जुन्या शाळेसारखे असते. त्यातले शेकडो भाग वेगवेगळ्या वेळी बदललेले, प्रत्येकाची आयुर्मर्यादा निराळी. एकेका भागाला म्हातारपण असेल, पण साऱ्या यंत्राला एक असे वय राहत नाही. शिवाय पुष्कळ बिघाड वीज पडणे, पक्षी आदळणे, धूळ जाणे अशा योगायोगाचे असतात आणि त्यांना वयाशी देणेघेणे नसते.

मग करायचे काय? नव्या पद्धतीत प्रश्नच बदलला. ‘हा भाग किती जुना आहे?’ याऐवजी ‘हा भाग बिघडला तर काय होईल?’ असे विचारायचे. प्रवाशाच्या डोक्यावरचा दिवा गेला तर गेला, गेल्यावर बदलू. दाबाच्या तेलाचा एक पंप गेला तर दुसरा आहे का? नसेल तर रचनाच बदला. आग विझवण्याच्या बाटलीसारख्या वस्तू मात्र फसव्या. ती निकामी झाली तरी आग लागेपर्यंत कळणार नाही. म्हणून तिची तपासणी ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे. आणि ज्या भागांचे बिघाड आधी काही लक्षण दाखवतात, त्यांची लक्षणे पाहत राहायचे. इंजिनाच्या तेलात लोहचुंबक ठेवून त्याला किती कीस चिकटतो ते बघतात. बारीक छिद्रातून दुर्बिणीची नळी घालून इंजिन न उघडता आतली पाती न्याहाळतात. चांगला वैद्य नाडी पाहतो, दर सहा महिन्यांनी पोट फाडून बघत नाही, तसेच हे.

परिणाम आकड्यांतच पाहावा. डीसी-८ या विमानाच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात ३३९ भागांचा ठरावीक मुदतीने ओव्हरहॉल होता. नव्या विचाराने आखलेल्या डीसी-१० च्या वेळापत्रकात असे भाग उरले फक्त ७. सांगाड्याच्या मोठ्या तपासणीची मुदत २०,००० तासांपर्यंत नेण्यासाठी डीसी-८ वर ४० लाखांहून अधिक मनुष्य-तास खर्ची पडले होते. त्याहून कितीतरी मोठ्या बोइंग ७४७ साठी युनायटेडला ६६,००० पुरले. आणि सुरक्षितता घटली नाही.

येथे वाचकांना वाटेल की मिक्सर न उघडणाऱ्याची बाजू जिंकली. तसे नाही. त्या ११ टक्क्यांना विसरून चालत नाही, आणि विमानाचे शरीर, म्हणजे पंख आणि धड, त्या गटात मोडते. ते वयाने खरोखरच थकते.

हे कळले ते फार मोठी किंमत देऊन. जगातले पहिले प्रवासी जेट, ब्रिटिश बनावटीचे कॉमेट, २ मे १९५२ रोजी लंडन-जोहान्सबर्ग मार्गावर सुरू झाले. १० जानेवारी १९५४ ला एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशात फुटले. ३५ माणसे गेली. तपासणी करून, बरेच बदल करून विमाने पुन्हा सुरू केली, आणि ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळ समुद्रात पडले, २१ गेली. दोन्ही विमाने तुलनेने नवी होती. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवले गेले. आत पाणी भरून दाब वाढवायचा, कमी करायचा. प्रत्येक वेळी एक उड्डाण झाल्यासारखे. हवेऐवजी पाणी का? हवा दाबली जाते, त्यामुळे धड फाटले असते तर बॉम्बसारखा स्फोट होऊन पुरावाच नष्ट झाला असता. पाणी जवळपास दाबले जात नाही. चीर पडते आणि दाब तत्काळ उतरतो. आधीची खरी १,२२१ आणि टाकीतली १,८३६, अशा एकूण ३,०५७ उड्डाणांनंतर ते धड फाटले. एल्बाजवळच्या विमानाने १,२९० उड्डाणे केली होती, नेपल्सजवळच्या विमानाने ९००. धडाला पाडलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटतो आणि तेथून धातूच्या थकव्याची चीर सुरू होते, हे दिसून आले.

वर्गात हे दाखवायला कागदाला लावायची टाचणी-क्लिप पुरे. ती सरळ करून मागे-पुढे वाकवत राहावे आणि किती वेळांनी तुटते ते मोजावे. थोड्या कोनात वाकवली तर किती, जास्त कोनात किती, असा तक्ता करावा. पाच-सहा क्लिपांचे आकडे सारखे येत नाहीत, हेही मुलांना दिसू द्यावे. विमानाच्या इंजिनिअरची खरी अडचण तीच आहे.

थकवा तासांवर अवलंबून नसून दाब चढण्या-उतरण्याच्या फेऱ्यांवर असतो. हा फरक किती महागात पडतो ते हवाई बेटांवर दिसले. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे, २४,००० फुटांवर, पुढच्या भागाचे छत सुमारे साडेपाच मीटर उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. विमानात एकूण ९५ जण होते. उघड्या विमानात, पट्टे बांधलेले बाकीचे प्रवासी घेऊन वैमानिकांनी ते उतरवले. विमान १९ वर्षांचे होते. उडालेले तास ३५,४९६, आणि कंपनीने आखताना धरलेले आयुष्य होते ५१,००० तासांचे. म्हणजे तासांच्या हिशेबात भरपूर शिल्लक! पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे उड्डाणे झाली होती ८९,६८०. आखणीतला आकडा ७५,००० होता. भागाकार केला तर सरासरी उड्डाण २४ मिनिटांचेही नाही. त्यात समुद्राची खारी हवा. पत्रे चिकटवलेले सांधे सुटले होते, रिव्हेटांच्या छिद्रांभोवती बारीक चिरा पडून त्या एकमेकींना मिळाल्या होत्या. त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ चीर दिसली होती. त्या कोणाला बोलल्या नाहीत. यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले.

आणि या सगळ्याच्या पलीकडे माणसाचे हात आहेतच. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघाले. १७,३०० फुटांवर वैमानिकासमोरची काच निघून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले, आणि लँकेस्टर वाचले. ती काच रात्रीच्या पाळीत, २७ तास आधी बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.६६ मिलिमीटर कमी होते आणि उरलेले ६ लांबीला कमी. पहाटेच्या वेळी, जुना बोल्ट हातात धरून, नजरेने जुळवून ते निवडले गेले होते. बदलणारा अनुभवी होता. नवख्याने कदाचित पुस्तकात क्रमांक पाहिला असता.

आजची प्रवासी विमाने या सगळ्या घटनांचे ओझे घेऊन हँगरमध्ये येतात. दर फेरीनंतर विमानाभोवती चक्कर मारून टायर, गळती, ठोकर पाहिली जाते. काहीशे तासांनी एक रात्रभराची तपासणी, दीड-दोन वर्षांनी काही आठवड्यांची, आणि सहा ते दहा वर्षांनी ती सर्वांत मोठी, ज्यात आसने, जमीन, भिंतींचे अस्तर, सारे काढून विमानाचा सांगाडा उघडा करतात. आपल्याकडे मुंबईच्या विमानतळावर अशी हँगर जुनी आहेत. नागपूरच्या मिहानमधले २०१५ मध्ये सुरू झाले. लढाऊ विमानांसाठी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, आणि हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपुरातच आहे.

उघड्या केलेल्या सांगाड्यावर साधी आणि नवी, दोन्ही साधने चालतात. लाल रंगाचे पातळ द्रव्य फासून पुसतात आणि पांढरी भुकटी मारतात. डोळ्याला न दिसणारी चीर लाल रेघ होऊन उमटते. विजेच्या भोवऱ्यांनी पत्र्याच्या आतली चीर शोधतात. आणि चिकटवलेले थर सुटले आहेत का ते पाहायला आजही काही ठिकाणी नाण्याने टकटक करून कान देतात, बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो तसे.

काम संपल्यावर एकाने केलेल्या महत्त्वाच्या जोडणीवर दुसऱ्याची स्वतंत्र तपासणी आणि सही लागते. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली असते. पाळी संपताना एखादी आकृती मोकळी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. ते विमानाच्या आत राहिलेले असू शकते.